एला पीटरसनचे आवाज

शुक्रवार, रात्र

‘बेल्स आर रिंगिंग’ पाहून झाला आणि झोपच येईना, म्हणून वही उघडली.

सिनेमा १९६० सालचा. दिग्दर्शक व्हिन्सेंट मिनेली, निर्माता आर्थर फ्रीड, नायिका जुडी हॉलिडे, नायक डीन मार्टिन. हॉलिवुडच्या एमजीएम स्टुडिओच्या संगीतपटांचा विषय निघाला की आपल्याकडचे जुन्या सिनेमांचे शौकीन ‘सिंगिंग इन द रेन’मध्ये पावसात नाचणाऱ्या जीन केलीपाशी थांबतात, फार तर ‘अ‍ॅन अमेरिकन इन पॅरिस’पर्यंत जातात. या सिनेमाचं नाव क्वचितच कुणाच्या तोंडी येतं. आणि कधी आलंच, तर ‘फ्रीडचा शेवटचा संगीतपट’ एवढ्या एका ओळीत त्याची बोळवण होते. ते खरंच आहे. दोन दशकं ज्या माणसाने एमजीएममध्ये एकापाठोपाठ एक संगीतपट काढले, त्याने यानंतर एकही काढला नाही. पण एखाद्या परंपरेतला शेवटचा म्हणजे उतरलेला, दमलेला, असं आपण न पाहताच धरून चालतो. मला तो तसा दिसला नाही. दमलेल्या जागा त्यात आहेत, त्यांच्याबद्दल पुढे लिहीन. जुडी हॉलिडे मात्र दमलेली नाही.

गोष्ट अशी. न्यूयॉर्कमध्ये ‘सुझान्सरफोन’ नावाची एक छोटी संस्था आहे. घरी नसताना आपले फोन कुणीतरी घ्यावेत, निरोप लिहून ठेवावेत म्हणून लोक तिथे पैसे भरतात. सुरुवातीलाच संस्थेची चकचकीत जाहिरात दिसते आणि लगेच तिची खरी जागा दिसते: जुनाट इमारतीतली कोंदट खोली, फोन जोडायचा एक स्विचबोर्ड आणि दोन-तीन बायका. एला पीटरसन ही त्यातली एक, मालकीण सूची चुलतबहीण. निरोप घ्यायचा आणि द्यायचा, त्यापलीकडे गिऱ्हाइकाच्या भानगडीत पडायचं नाही, हा नियम. एलाला तो पाळता येत नाही. पालक न खाणाऱ्या पोरासाठी ती सांताक्लॉज होते. फ्रेंच उपाहारगृहासाठी फ्रेंच उच्चारात बोलते. आणि जेफ्री मॉस नावाच्या नाटककारासाठी ती एक प्रेमळ म्हातारी आहे. तो तिला ‘मॉम’ म्हणतो, सकाळी तिच्याकडून उठवून घेतो, मनातली भीती तिला सांगतो. त्याला वाटतं ती साठी उलटलेली बाई आहे. ती त्याच्या प्रेमात पडलेली आहे, आणि त्याला तिने अजून पाहिलेलंही नाही.

हे सगळं पहिल्या काही मिनिटांत एका गाण्यात येतं. एला स्विचबोर्डजवळ आहे आणि गाते आहे की आमचं नातं कसं अगदी नामी आहे: तो मला ओळखत नाही, मी त्याला पाहिलेलं नाही. गाता गाता म्हातारीचा आवाज, स्वतःचा आवाज, पुन्हा म्हातारीचा. हॉलिडे हे बदल इतक्या सहज करते की आधी हसू येतं. मग हळूहळू लक्षात येतं की ज्या आवाजावर तो विसंबून आहे तो तिचा नाहीच, आणि तिचा जो आहे तो त्याने कधी ऐकलेला नाही. सबंध सिनेमाची अडचण या एका गाण्यात मांडून झालेली असते.

शनिवार, दुपार

काल लिहायचं राहिलं ते आधी.

१९६०पर्यंत हॉलिवुडच्या संगीतपटांचे दिवस का भरत आले होते, याची कारणं ठाऊक असलेलीच आहेत. १९४८ सालच्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर स्टुडिओंना आपल्या मालकीची थिएटरं सोडावी लागली, त्यामुळे सिनेमा काढला की तो लागणारच, ही खात्री गेली. घरोघरी टीव्ही आला. नर्तक, वादक, शिंपी, रंगारी असं अख्खं गाव बारमाही पगारावर पोसणं परवडेना. तरुण मुलं रॉक अँड रोलकडे वळली. खास पडद्यासाठी नवीन संगीतिका लिहून घेण्याची जोखीम नको, न्यूयॉर्कच्या ब्रॉडवे रंगभूमीवर चाललेलं नाटक उचला, असा रिवाज पडला. ‘बेल्स आर रिंगिंग’ही तसाच आला. मूळ नाटक नोव्हेंबर १९५६मध्ये शुबर्ट थिएटरात सुरू झालं आणि त्याचे ९२४ प्रयोग झाले. संवाद आणि गीतं बेटी कॉम्डेन आणि अडॉल्फ ग्रीन यांची, संगीत ज्यूल स्टाइनचं, नायिका जुडी हॉलिडेच. त्या कामासाठी तिला रंगभूमीचं टोनी पारितोषिक मिळालं, आणि त्या वर्षी स्पर्धेत ‘माय फेअर लेडी’ची ज्यूली अँड्र्यूज होती.

नाटकावरून उचलल्याच्या खुणा सिनेमाभर दिसतात. कितीतरी प्रसंग भिंतीला पाठ लावून उभे आहेत, जणू समोर प्रेक्षागृह आहे. घोड्यांच्या शर्यतीवर बेटिंग चालवणाऱ्या टोळीचं उपकथानक लांबलं आहे. पोलीस इन्स्पेक्टरचा पाठलाग मला तर नकोसाच झाला. मिनेलीच्या आधीच्या सिनेमांत रंग आणि कापड जसं अंगावर धावून येतं, तसं इथे फार कमी वेळा होतं.

पण त्या बेटिंगवाल्यांतही एक जागा अशी आहे की तेवढ्यासाठी मी ते सगळं पुन्हा पाहीन. टोळीचा म्होरक्या रेकॉर्डविक्रीच्या नावाखाली पैजा लावतो. बेथोव्हन म्हणजे अमुक रेसकोर्स, दुसरा संगीतकार म्हणजे तमुक. ऑर्डर येते बेथोव्हनच्या दहाव्या सिंफनीची. एलाला ठाऊक आहे की बेथोव्हनच्या सिंफनी नऊच. बिचाऱ्यांची चूक झाली असेल म्हणून ती आपणहून ती ऑर्डर नववीची करून टाकते, आणि टोळीचा सगळा हिशेब कोलमडतो. तिने काळजी घेतली आणि गोंधळ उडाला. एलाचा स्वभाव यापेक्षा नेमका कुठल्या भाषणातून कळला असता? पुढच्याची चूक दिसली की तिला राहवतच नाही.

रविवार

सकाळी आत्याला फोन केला. ती टेलिफोन खात्यात ट्रंक एक्स्चेंजला, म्हणजे परगावचे कॉल जोडायला होती, निवृत्त होईपर्यंत. सिनेमाची गोष्ट तिला सांगितली, तर तिने पहिला प्रश्न विचारला, “बोर्ड खरा दाखवलाय का गं? प्लग घालताना बघतात की नुसता हात हलवतात?”

हॉलिडेचा हात सराईत वाटतो, असं मी म्हटलं. त्याचं कारण मला नंतर वाचताना कळलं आणि मी आत्याला पुन्हा फोन करून सांगितलं: नट होण्याआधी जुडी हॉलिडे दिग्दर्शक ऑर्सन वेल्सच्या मर्क्युरी थिएटर या नाटकमंडळीत स्विचबोर्डवर काम करत होती. आत्या म्हणाली, “मग बरोबर. तो हात एकदा बसला की जात नाही.”

मग ती बराच वेळ बोलली. ऑर्डिनरी, अर्जंट, लाइटनिंग कॉल. पीपी कॉल म्हणजे नेमक्या माणसाशीच बोलायचं, तो नसला तर कॉल लागला असं धरायचं नाही. प्रत्येक कॉलचं तिकीट लिहायचं, वेळ टाकायची, तीन मिनिटं झाली की मध्ये बोलून सांगायचं. “काही वेळा नाही सांगितलं मी,” ती म्हणाली. “पलीकडे कुणी गेल्याची बातमी असायची. माणूस रडतोय आणि आपण तीन मिनिटं झाली म्हणायचं? जीभच रेटायची नाही. तिकिटावर मात्र खरी वेळ लिहायचे.”

मी विचारलं, त्यातलं कुणी कधी तुला भेटलं का? नाही म्हणाली. एक व्यापारी होते, रोज रात्री इंदूरचा कॉल मागायचे, तिचा आवाज ओळखून “ताई, आज तुम्ही का?” म्हणायचे. एकदा बाजारात तिने त्यांना आवाजावरून ओळखलं. तिच्या शेजारीच उभे राहून भाव करत होते. ती काही बोलली नाही. “काय बोलणार? त्यांच्यासाठी मी बोर्डावरची होते.”

आपल्याकडे ज्या वर्षी लखनौ-कानपूर अशी पहिली थेट एसटीडी सेवा सुरू झाली, म्हणजे मधल्या ऑपरेटरशिवाय परगावी नंबर लावता येऊ लागला, ते वर्षही १९६०च. या कामावरचा एक मोठा संगीतपट त्याच वर्षी यावा आणि तो काढणाऱ्याचाही तो शेवटचा असावा, हे आत्याचं बोलणं ऐकल्यापासून डोक्यातून जात नाही. या बायकांवर गाणी फारशी कुणी लिहिली नाहीत. कॉम्डेन आणि ग्रीन यांनी लिहिली.

सोमवार, रात्री उशिरा

आज पार्टीचा प्रसंग पुन्हा पाहिला.

तोवर एला जेफ्रीला भेटलेली आहे. तो कामाच्या दिवशी उठलाच नाही म्हणून ती घाबरून त्याच्या घरी पोचते आणि आपलं नाव मेलिसांद स्कॉट असं सांगते. म्हणजे पुन्हा एक सोंग, फक्त या वेळी चेहऱ्यासकट. तो प्रेमात पडतो ते मेलिसांदच्या. ती त्याला लिहायला बसवते. गर्दीतल्या अनोळखी माणसांना हॅलो म्हणायला लावते. रात्रीच्या बागेत दोघं ‘जस्ट इन टाइम’ गातात. डीन मार्टिनबद्दल इथे चांगलं लिहायलाच हवं. विनोदी जोडीतला साथीदार जेरी लुइस याच्यापासून वेगळं होऊन त्याला तेव्हा चारेक वर्षं झाली होती. त्याच्या गाण्यातली सहजता अशी आहे की त्यामागची मेहनत दिसतच नाही, आणि हॉलिडेच्या भरभरून येण्यापुढे तो स्वतःला मागे ठेवतो. फार थोडे नायक असं करतात.

मग तो तिला आपल्या मित्रमंडळींच्या पार्टीला नेतो. एला लाल पोशाखात. भोवतीची माणसं एकच खेळ खेळताहेत: मी कुणाकुणाला ओळखतो. नाटक-सिनेमातली मोठमोठी नावं गाण्याच्या तालावर एकावर एक पडत राहतात. ‘ड्रॉप दॅट नेम’ असंच त्या गाण्याचं नाव. एलाकडे टाकायला नावच नाही. ती पुन्हा पुन्हा एकच नाव घेते, रिन टिन टिन, म्हणजे सिनेमातला कुत्रा.

पहिल्यांदा मी हसले होते. आज हसता आलं नाही, कारण मध्ये १९५२ सालचं वाचनात आलं. तेव्हा जुडी हॉलिडे ऑस्कर मिळवलेली नटी होती, आणि कम्युनिस्टांच्या शोधात असलेल्या सेनेटच्या उपसमितीने तिला साक्षीला बोलावलं. त्या काळात अशा ठिकाणी एकच गोष्ट मागत: नावं द्या. अनेकांनी दिली, आणि ज्यांची दिली त्यांची कामं गेली. हॉलिडे विलक्षण बुद्धिमान बाई होती. समितीपुढे ती पडद्यावरच्या आपल्या भोळसट सोनेरी केसांच्या पोरीसारखी बोलली, प्रश्नांना भाबडी उत्तरं देत राहिली, आणि मित्रांपैकी एकाचंही नाव दिलं नाही. नंतरही टीव्ही-रेडिओवरची कामं तिला काही काळ मिळेनाशी झाली.

कॉम्डेन आणि ग्रीन हे तिचे तरुणपणापासूनचे मित्र. ग्रेनिच व्हिलेजमधल्या ‘व्हिलेज व्हॅनगार्ड’मध्ये ‘द रेव्ह्यूअर्स’ नावाने हे सगळे एकत्र कार्यक्रम करायचे. त्यांनी तिच्यासाठी नाटक लिहिलं आणि त्यात एक अख्खं गाणं घातलं, ज्यात खोलीभर माणसं नावं टाकताहेत आणि एकट्या तिच्याजवळ सांगायला नाव नाही. त्यांच्या मनात ते होतं की नव्हतं, यावर मी काही म्हणत नाही. मला मात्र आता ते गाणं दुसऱ्या तऱ्हेने ऐकू येत नाही. आवाज बदलून माणसांना सांभाळणारी एला आणि समितीपुढे आवाज बदलून मित्रांना सांभाळणारी जुडी, या मला दोन वेगळ्या बायका वाटेनाशा झाल्या आहेत.

पार्टीतून एला बाहेर पडते आणि ‘द पार्टीज ओव्हर’ गाते. इथे म्हातारी नाही, सांताक्लॉज नाही, मेलिसांद नाही. ती जवळजवळ काहीच करत नाही. आवाज थोडा खरखरीत, कच्चा, शिकवलेल्या गाणारणीचा नव्हे. शब्द टाकताना ती त्यांना सजवत नाही. आणि मिनेली तिला तसं राहू देतो, मध्ये काही घालत नाही. संगीतपटाच्या भरभराटीत या जागी स्वप्नातलं मोठं नृत्य आलं असतं, पडदे, कारंजी, पन्नास नर्तक. त्यासाठी पैसा आणि माणसं तेव्हा उरली होती की नाही, या हिशेबात मला शिरायचं नाही. ते इथे नाही, आणि नाही म्हणून हे गाणं असं उभं राहिलं. ऱ्हासाच्या काळातल्या सिनेमांकडे मी यापुढे याच नजरेने बघणार आहे: काय गेलं हे तर दिसतंच, पण ते गेल्यामुळे कुठल्या गोष्टीला जागा मिळाली?

मंगळवार

हा जुडी हॉलिडेचा शेवटचा सिनेमा. त्याच वर्षी तिला स्तनाचा कर्करोग असल्याचं कळलं. त्यानंतर रंगभूमीवर ती पुन्हा उभी राहिली, पण पडद्यावर आली नाही. ७ जून १९६५ रोजी ती गेली, तेव्हा वय ४३ होतं. सिनेमाच्या सुरुवातीला एला ज्या अनोळखी तरुणाबरोबर जेवायला जाते, तो जेरी मलिगन, जॅझमधला मोठा सॅक्सोफोनवादक. प्रत्यक्षात तो तिचा जोडीदार होता. त्या प्रसंगात दोघांचं काही म्हणजे काही जमत नाही, आणि मला तो आता फार आवडायला लागला आहे. आपल्या माणसासमोर इतकं अवघडलेलं दिसणं सोपं नसणार.

नाटकातलं ‘लाँग बिफोर आय न्यू यू’ हे प्रेमगीत सिनेमात घेतलेलं नाही. तो निर्णय मला पटत नाही. जेफ्री-एलाच्या प्रेमाला सिनेमात जी घाई झाली आहे, ती त्या गाण्याने भरून निघाली असती. मूळ नाटकाच्या कलाकारांची रेकॉर्ड निघालेली आहे, त्यात ते आहे. या आठवड्यात ती ऐकायची आहे, आणि आत्याकडे जाऊन तिला सिनेमा दाखवायचा आहे. इंग्रजी तिला भराभर कळत नाही, तेव्हा मध्ये मध्ये थांबवून सांगावं लागेल. बोर्डाचे प्रसंग मात्र मला तिच्याकडून समजून घ्यायचे आहेत.