आयर्लंडमधली कॅथलिक प्राथमिक शाळा: धर्माचा तास आणि उरलेला दिवस

मुलाला कॅथलिक शाळेत घातलंय असं डब्लिनहून कळवलं, की घरच्यांना आपल्याकडचं कॉन्व्हेंट आठवतं: मोठी फी, इंग्रजीचा दरारा, ख्रिस्ती मुलांना कॅटेकिझम, इतरांना मॉरल सायन्स. इथलं चित्र वेगळं आहे. आयर्लंडमधल्या दहापैकी जवळजवळ नऊ प्राथमिक शाळा कॅथलिकच आहेत. शिक्षकांचा पगार सरकार देतं, फी नाही आणि 2023 पासून पुस्तकंही मोफत. ‘ऐच्छिक’ वर्गणीचं पत्र येतं, पण ती खरोखर ऐच्छिक आहे. थोडक्यात, ही आपल्या भागातली साधी शाळा. फक्त तिचा ‘पेट्रन’, म्हणजे शाळेचं वळण ठरवणारा कायदेशीर आश्रयदाता, बिशप असतो.

बाप्तिस्म्याचा दाखला नसेल तर प्रवेश मिळणार नाही, ही भीती जुनी झाली. 2018 च्या कायद्याने कॅथलिक प्राथमिक शाळांना प्रवेशात बाप्तिस्म्याला प्राधान्य देण्यास मनाई केली. आता बहुधा भावंडं त्या शाळेत आहेत का आणि घर कुठे आहे, हे पाहतात. अर्ज आदल्या वर्षीच्या 1 ऑक्टोबरपासून पुढे केव्हाही सुरू होतात. तारीख प्रत्येक शाळेची वेगळी, आणि ती हुकली की नाव उशिरा आलेल्यांत जातं.

आता ‘एथॉस’. आपल्या भाषेत त्याला शाळेचं वळण म्हणता येईल. 1998 च्या शिक्षण कायद्यानुसार ते जपणं ही व्यवस्थापन मंडळाची जबाबदारी आहे. वर्गात ते कसं दिसतं? कोपऱ्यात प्रार्थनेचं छोटं टेबल असतं आणि चर्चच्या ऋतूप्रमाणे त्यावरचं कापड बदलतं: नाताळ आणि ईस्टरच्या आधी जांभळं, सणात पांढरं, एरवी हिरवं. सकाळी, डब्याआधी आणि घरी निघताना प्रार्थना. ईस्टरआधीच्या उपवासकाळात गरिबांसाठी पैसे साठवायचा पुठ्ठ्याचा डबा घरी येतो, 1 फेब्रुवारीला संत ब्रिजिडच्या नावाने लव्हाळ्याचा क्रॉस विणतात. यातलं बरंचसं मुलांना मनापासून आवडतं, आणि त्यात वावगं काही नाही.

गणित, भाषा, विज्ञान यांचा अभ्यासक्रम सरकारी, सगळ्या शाळांना सारखाच. आयरिश भाषाही त्यातच येते. परदेशातून आलो एवढ्याच कारणावर 12 वर्षांखालच्या मुलाला तीतून सूट मिळत नाही. धर्माचा अभ्यासक्रम मात्र पेट्रन ठरवतो. 1999 च्या आराखड्यात त्याला आठवड्याला अडीच तास होते, 2023 च्या आराखड्यात दोन.

धर्मशिक्षणाला न बसण्याचा हक्क राज्यघटनेच्या कलम 44 ने दिला आहे. अडचण येते ती अंमलबजावणीत. वेगळी खोली नसते, जादा शिक्षक नसतो, म्हणून मूल त्याच वर्गात मागच्या बाकावर चित्र रंगवत बसतं आणि सगळं ऐकतं. पत्रात नुसतं ‘धर्माचा तास नको’ लिहिलं तर याहून वेगळं काही होत नाही. म्हणून आधी शाळेचं प्रवेश धोरण वाचा. धर्मशिक्षणाला न बसणाऱ्या मुलांची काय सोय आहे, हे त्यात लिहिणं कायद्याने बंधनकारक आहे. मग मुख्याध्यापकांना लेखी विचारा: त्या वेळात मूल कुठे बसेल, लक्ष कोण ठेवेल, काम कोणतं देणार? रोजच्या प्रार्थनेचंही वेगळं विचारा, कारण ती तासाच्या बाहेर असते. मूल नुसतं शांत उभं राहील, हे बहुतेक शिक्षिका सहज मान्य करतात.

खरी कसोटी ‘सेकंड क्लास’ला, म्हणजे सात-आठ वर्षांच्या वयात. त्या वर्षी पहिलं कन्फेशन (धर्मगुरूसमोर चुकांची कबुली) आणि साधारण मे महिन्यात पहिलं कम्युनियन (चर्चमध्ये पवित्र भाकरीचा पहिला प्रसाद) असतं. गाण्यांचा सराव होतो, वर्ग चर्चमध्ये जातो, पांढऱ्या फ्रॉकची चर्चा महिनोन्‌महिने चालते. एकट्या पडलेल्या मुलाला ते फार लागतं. आता अनेक ठिकाणी ही तयारी पॅरिशकडे, म्हणजे त्या भागाच्या चर्चकडे, शाळेच्या वेळेबाहेर जाते आहे. तुमच्या शाळेत ती कुठे होते हे ज्युनिअर इन्फंट्सच्या, म्हणजे शाळेच्या पहिल्याच वर्गाच्या, प्रवेशावेळीच विचारून घ्या. सहावीत कन्फर्मेशनच्या (बाप्तिस्म्याची श्रद्धा पक्की करण्याच्या विधीच्या) वेळी हाच प्रश्न पुन्हा येतो, पण तोवर मूल स्वतःचं मत सांगण्याएवढं मोठं झालेलं असतं.