आठ मिलिमीटरची रिळं स्कॅन करून घेताना : माझा अनुभव

गिरगावातलं आमचं घर पुनर्विकासाला गेलं, तेव्हा माळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंकेत चुलत आजोबांचा किल्लीचा मूव्ही कॅमेरा आणि फिल्मची रिळं सापडली. आजोबा बोटीवर नोकरीला होते. कॅमेरा एडनहून आणलेला, असं आत्या सांगते. मुंबईत अजून बऱ्याच घरांत अशा ट्रंका असतील, आणि इथली दमट हवा फिल्मची वैरीण आहे, म्हणून काय काय करावं लागलं ते लिहितो.

आधी रीळ कुठल्या जातीचं ते ओळखावं लागतं. फिल्मचं टोक कडेने धरून उजेडासमोर न्या. भोकं मोठी आणि दोन चित्रांमधल्या रेषेवर असतील, तर ते साधं आठ मिलिमीटर, कोडॅकने १९३२ साली आणलेलं. भोकं बारीक आणि चित्राच्या मध्यावर असतील, तर सुपर एट, १९६५ नंतरचं. आमची सगळी पहिल्या प्रकारची निघाली. जुन्या सिनेमांची नायट्रेट फिल्म पेट घेते, ती भीती इथे नसते. घरगुती आठ मिलिमीटर पहिल्यापासून सहज पेट न घेणाऱ्या सेफ्टी फिल्मवरच निघाली.

मग वास. डबा उघडल्यावर नाकात व्हिनेगरसारखा आंबूस झोंबणारा वास गेला, तर फिल्मचं ॲसिटेट, म्हणजे तिची प्लास्टिकसारखी मूळ पट्टी, विघटित होऊ लागलंय असं समजायचं. उष्णता आणि दमटपणा मिळाला की ही क्रिया भराभर वाढते आणि त्या वाफेने शेजारची रिळंही बिघडतात. आमचं एक रीळ तसं होतं. ते त्याच दिवशी वेगळं काढलं.

आत्याचा आग्रह होता, “अरे, चोरबाजारात मिळेल एखादा प्रोजेक्टर, लावून बघू की!” मटण स्ट्रीटवर जुने प्रोजेक्टर मिळतातही, आणि त्यांचा तो खडखडाट मलाही ऐकायचा होता. पण जुनी फिल्म आक्रसलेली असते. प्रोजेक्टरची फिल्म पुढे ओढणारी नखी भोकांत नीट बसत नाही आणि कडा फाटत जाते. फिल्म अडकली तर दिव्याच्या उष्णतेने चित्र तिथल्या तिथे जळतं. आत्याला हे समजावायला वेळ लागला, पण तिने ऐकलं.

एका दुकानाने स्वस्तात काम करून द्यायची तयारी दाखवली. नमुना मागितला तर पडद्यावर फिल्म चालवून व्हिडिओने टिपलेली निघाली : चित्र लुकलुकणारं, मधे प्रखर, कडेला काळोख. आपल्याला हवं असतं ते एकेका चौकटीचं, म्हणजे फिल्मवरच्या एकेका चित्राचं स्कॅनिंग, थंड एलईडी उजेडात, नखी नसलेल्या यंत्रावर. ‘फ्रेम बाय फ्रेम करता का, आणि सेकंदाला किती चौकटींनी फाइल देता’ हे दोन प्रश्न विचारलेत की समोरच्याचं काम कळतं. साध्या आठचा वेग बहुधा सेकंदाला १६ चौकटींचा. फाइल त्याहून वेगाने बनवली तर घरची माणसं तुरुतुरु पळताना दिसतात. शेवटी उपनगरातल्या एका गृहस्थांकडे दिलं. त्यांनी आधी प्रत्येक रीळ हाताने हळूहळू उलगडून तपासलं, तुटके सांधे नव्याने जोडले, बुरशी पुसली आणि मगच यंत्राला हात लावला.

पन्नास फुटांच्या रिळात चार हजार चौकटी, म्हणजे जेमतेम चार मिनिटं. फिल्म महाग, किल्ली दिल्यावर कॅमेरा थोडाच वेळ चालायचा. म्हणून आजोबांनी काय टिपायचं ते किती जपून ठरवलंय! आजी पाट्यावर वाटण वाटतेय, ते काही सेकंदच. ती मान वर करते, पदर सावरते, हाताने ‘पुरे’ म्हणते आणि तिथेच किल्ली संपते. बरोबर मध्यावर चित्र नारिंगी होत होत पांढरं फटक पडतं. ही फिल्म मुळात १६ मिलिमीटर रुंद, पंचवीस फूट लांब. एक बाजू संपली की स्पूल काढून उलटा घालायचा आणि दुसरी बाजू वापरायची. धुतल्यावर ती उभी चिरून दोन पट्ट्या एकापुढे एक जोडत. स्पूल उलटताना शिरलेला हा उजेड. स्कॅन करणाऱ्याने विचारलं, “काढून टाकू का?” मी राहू द्या म्हटलं. आजोबांचा हात तेवढ्याच ठिकाणी दिसतो.

रंगांनी थक्क केलं. कोडॅक्रोम ही कोडॅकची रंगीत फिल्म अंधारात ठेवली तर रंग फार टिकून राहतात. आत्याचा लाल परकर आजही लालच आहे. एका रिळात दादर टीटीला ट्राम उभी आहे. मुंबईतली शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४ ला धावली, तेव्हा चित्रण त्याआधीचं हे नक्की. बाकीचं आत्या सांगते. फिल्म मुकी आहे, म्हणून ती बघत असताना तिचं बोलणं मी फोनवर रेकॉर्ड करतो. “तो टोपीवाला कोण?” विचारलं की ती थांबवायला लावते आणि नाव, गाव, आळी सगळं सांगते. हे स्कॅनिंगइतकंच तातडीचं काम आहे.

फाइल मिळाल्या म्हणून मूळ रिळं टाकू नका. फाइलपेक्षा नीट ठेवलेली फिल्म जास्त भरवशाची. आमची आता माळ्यावर नाहीत, घरातल्या सर्वांत थंड, कोरड्या कपाटात आहेत. वास येणारं रीळ हवा खेळती राहील अशा वेगळ्या डब्यात आहे. ते इतकं आक्रसलंय की त्या गृहस्थांनी प्रामाणिकपणे नकार दिला. आता फिल्म जतनाचं काम करणाऱ्या संस्थेकडे विचारणार आहे, पावसाळ्याच्या आत.