होडीत परत चढता आलं पाहिजे

मासेमारीच्या कयाक, म्हणजे एकट्यानं बसायच्या लांबट छोट्या होड्या, विकायच्या आणि विकण्याआधी गिऱ्हाइकाला त्या पाण्यावर नीट वापरून बघू द्यायच्या, हे माझं काम. कुणी खूप उंच किंवा अंगानं थोराड माणूस आला की मी हातातली बाकीची कामं बाजूला ठेवते. अशा माणसाला होडी निवडून देताना घाई केली तर त्याचं नुसतं पैशाचं नुकसान होत नाही, जिवाशी खेळ होतो.

त्या दिवशी आलेले गृहस्थ सहा फूट पाच इंच उंच होते, वजन १३८ किलो. बरोबर कॉलेजात जाणारा, सडपातळ मुलगा. कुठली होडी घ्यायची हे त्यांनी आधीच ठरवलं होतं: साडेदहा फुटी, क्षमता २०४ किलो, त्यांच्या मित्राकडे आहे तीच. हिशेबही तयार होता. २०४ मधून १३८ गेले, राहिले ६६. "सामानाला भरपूर झालं," ते म्हणाले.

मी त्यांना सामान घेऊन या म्हटलं आणि सगळ्यासकट काट्यावर उभं केलं. लाइफ जॅकेट, बूट, गळाच्या काठ्या, आमिषांचा डबा, नांगर, फिशफाइंडर म्हणजे मासे शोधायचं यंत्र आणि त्याची बॅटरी, पाणी, मासे ठेवायची बर्फाची पेटी. आकडा आला १६५.

क्षमता म्हणून जो आकडा छापलेला असतो, तो होडी किती ओझं घेऊन तरंगते याचा असतो. तेवढं ओझं घेऊन ती नीट चालेल, वळेल, लाटेत सावरेल, असं तो आकडा सांगत नाही. शिवाय तो होडी बनवणाऱ्यानं आपला आपण ठरवलेला. अमेरिकेतसुद्धा २० फुटांखालच्या बहुतेक मोटारबोटींवर क्षमतेची पाटी लावणं कायद्यानं बंधनकारक आहे, पण कयाक आणि कॅनूसारख्या वल्ह्याच्या होड्यांना त्यातून सूट आहे. म्हणून या धंद्यात बरेच जण छापील आकड्याच्या साधारण दोन तृतीयांशावर थांबतात. २०४ चे दोन तृतीयांश १३६. म्हणजे सामान काठावर ठेवून ते एकटे बसले असते तरी होडी भरली होती.

हे मी सांगितलं, त्यांनी शांतपणे ऐकलं, आणि तरीही ती होडी पाण्यात बघूच म्हणाले. बरोबरच होतं. ऐकलेल्यापेक्षा बसून बघितलेलं पटतं. ते बसले आणि मिनिटभरात तळातल्या निचऱ्याच्या भोकांतून पाणी उलट वर यायला लागलं. ही भोकं, म्हणजे स्कपर, डेकवर (होडीच्या बसायच्या पृष्ठभागावर) आलेलं पाणी खाली जावं म्हणून असतात. डेक पाण्याच्या पातळीच्या वर असेल तोवरच ती काम करतात. होडीचा पाण्यालगतचा आडवा छेद साधारण दोन चौरस मीटर धरला, तर दर २० किलोला ती एक सेंटीमीटर खाली बसते. डेक आणि पाणी यांत अंतरच जेमतेम काही सेंटीमीटरचं, तेव्हा ते संपायला किती वेळ लागणार? बुचं मारून भोकं बंद करता येतात, पण मग लाटेनं आत आलेलं पाणी बाहेर जायला वाट राहत नाही.

ते ओल्या आसनावर बसून माझ्याकडे बघून हसले. "ठीक आहे, बसतोय की मी," म्हणाले. गुडघे छातीशी आले होते, आसनाच्या दोन्ही नळ्या मांड्यांत रुतत होत्या, फूटरेस्ट शेवटच्या खाचेत असूनही पाय सरळ होत नव्हते. आणि तक्रार एकही नाही. मोठ्या देहाच्या माणसांना आयुष्यभर दुसऱ्यांच्या मापाच्या खुर्च्यांत स्वतःला मावून घ्यायची सवय लागलेली असते. मला ते बघवत नाही. म्हणून मी "बरं वाटतंय का" असं विचारत नाही. कुठे टोचतंय, कुठली नळी लागतेय, वल्हं फिरवताना गुडघ्याला हात आपटतो का, असं एकेक विचारते.

मग मुलानं बापाला हाक मारली. "बाबा, ही बघ ना!" तो उभा होता आमच्याकडच्या सर्वांत रुंद होडीशेजारी. ३८ इंच रुंद, पायांनी चालवायची, क्षमता २७२ किलो. अशा होड्यांची चलती १९९७ मध्ये होबी कंपनीनं मिराज ड्राइव्ह हे पेडलचं यंत्र आणलं तेव्हापासून वाढत गेली. हात मोकळे राहतात, त्यामुळे गळ टाकणाऱ्याला त्या आवडतातच. पण पेडल आलं की पायाची लांबी ही होडीच्या निवडीतली पहिली गोष्ट होते. आसन रुळावर किती मागे जातं, हे आधी बघायचं. इथे ते शेवटपर्यंत मागे नेल्यावर पाय कसेबसे बसले. मात्र सगळा भार मागे गेल्यामुळे मागचं टोक दबलं आणि पुढचं वर उचललं. उचललेलं टोक वाऱ्याला शिडासारखं सापडतं.

आसन उंच ठेवलं होतं तेव्हा ते डुलत होते, खालच्या खाचेत घेतल्यावर स्थिरावले. हलक्या माणसाच्या खाली ४० किलोची होडी असली तर दोघांचा मिळून गुरुत्वमध्य बराच खाली राहतो. १३८ किलोच्या माणसापुढे त्या ४० किलोंचं फारसं चालत नाही, गुरुत्वमध्य जवळपास त्याच्या पोटापाशीच असतो. म्हणून उंच, जड माणसाला आसन चार बोटं खाली घेतल्याचाही फायदा जाणवतो. तरीही ही होडी त्यांना मनापासून आवडली होती. खिशात हात जाणार, असं दिसत होतं.

"आता पाण्यात पडा," मी म्हटलं.

ही परीक्षा मी प्रत्येकाकडून करून घेते. पाय न टेकणाऱ्या पण शांत पाण्यात, मी स्वतः शेजारी उतरून. ते पडले, होडी उलटली. रुंद होडीची एक गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही: ती जशी सुलटी स्थिर, तशी उलटीही स्थिर. सडपातळ माणसाला ती परत सुलटी करताना जीव नकोसा होतो. यांनी पालथ्या बुडावरून हात टाकला, पलीकडचा काठ धरला, अंग मागे झोकलं आणि होडी पहिल्याच झटक्यात सरळ झाली. त्यांची उंची आणि वजन दिवसभरात पहिल्यांदा त्यांच्या बाजूनं उभं राहिलं. मुलानं काठावरून शिट्टी मारली.

पण वर चढता येईना. होडीचा काठ उंच, मधोमध पेडलचं यंत्र, त्यामागे आसनाची चौकट. छाती कशीबशी वर यायची आणि जॅकेटच्या पुढच्या फुगीर खिशांवर अडकायची. ते परत परत खेचत राहिले, दम लागला, ओठ घट्ट मिटले. मी थांबवलं. दमलेला माणूस थंड पाण्यात किती वेळ झटापट करू शकेल, याचा विचार काठावरच व्हायला हवा.

काठावर ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "माझं वजन जास्त आहे हो, त्याला तुम्ही काय करणार?" मी सांगितलं की पाण्यात वजनाचा प्रश्न नाहीच. पन्नास न्यूटनचं जॅकेट म्हणजे जेमतेम पाच किलो उचलण्याइतका जोर, आणि तेवढा मोठ्या माणसाला पुरतो, कारण शरीराचा बहुतेक भार पाणीच पेलतं. जॅकेटचं मापही वजनावरून नाही, छातीच्या घेरावरून घ्यायचं. अडचण होती होडीच्या काठाची उंची आणि मधली अडगळ.

तिसरी होडी मी सकाळपासून मनात धरून होते. पावणेतेरा फुटी, ३५ इंच रुंद, वल्ह्याची, क्षमता २४९ किलो. दोन तृतीयांश म्हणजे १६६, त्यांचे १६५. किलोभर शिल्लक काही फार नाही, म्हणून बर्फाची पेटी छोटी घ्या असं मी स्पष्ट सांगितलं. हिचा काठ मध्यावर खाली उतरतो आणि आसन पुढेमागे सरकतं. ते इतकं पुढे घेतलं की दोन्ही टोकं पाण्याला सारखी बसली. वल्हं २२० सेंटिमीटरचं दिलं असतं तर दर फेरीला काठावर आपटलं असतं, म्हणून २६० चं दिलं. पुढून सपाट जॅकेट घातलं.

पहिल्या खेपेला पुन्हा जमलं नाही. मग मी आसनाच्या चौकटीला दोरीचा फास बांधून पाण्यात सोडला, पाय ठेवायला. यात एक खुबी आहे. आधी फासावर उभं राहिलात तर होडी अंगावर येते. आधी पाय मारून अंग पाण्यावर आडवं करायचं, पलीकडचा काठ धरून छाती डेकवर टाकायची, आणि मगच फासातला पाय दाबून सरळ करायचा. त्यांच्या लांब हातांना पलीकडचा काठ सहज पुरला. छाती, पोट, मग एक वळसा, आणि ते आसनात बसलेले होते. लगेच स्वतःहून परत पाण्यात पडले आणि परत चढले. नंतर मुलाला ओरडून म्हणाले, "आता तू बाजूला हो, मी एकटा करून बघतो," आणि मलाही लांब जायला लावलं.

निघताना फास पक्का बांधायचा होता. मी लांबी दाखवली. त्यांनी मान हलवली. "नाही, एवढा लांब नको. गुडघा पूर्ण सरळ झाला तरी मी अजून खालीच राहतो." गाठ सोडून त्यांनी दोरी चार बोटं आखूड केली, पायानं ताणून पाहिली आणि मगच गाठ आवळली.