आज उतारा किती?

पैलवानाच्या वाळूच्या टपाला मुंग्या लागल्या, तेव्हा मी आधी मुंग्यांची पावडर मारली. गुळाच्या गावात मुंग्यांचं नवल ते काय! शाहूपुरीतून ढेप घरात आली की तिच्या मागोमाग त्या येतातच. पण दुसऱ्या दिवशी पुन्हा रांग, आणि तीही स्वयंपाकघराकडे न वळता थेट टपाकडे. टपातली वाळू रोज चिखल झालेली. पाण्याचं भांडं दिवसातून तीनदा भरायला लागत होतं. मग जरा डोकं चाललं.

पैलवान म्हणजे आमचा बोका. वय वर्षं नऊ, नसबंदी झालेला, वजन सात किलो. शुक्रवार पेठेत आमच्या बोळाच्या तोंडाशी तालीम आहे, तिथल्या पोरांनी हे नाव ठेवलं. आणि कोल्हापुरात एकदा पैलवान म्हटलं की खुराक आलाच. शेजारच्या आक्का गंगावेशीच्या कट्ट्यावरून म्हशीचं धारोष्ण दूध आणायच्या, त्यातलं वाटीभर ह्याच्या नावाचं. रविवारी कुणाच्या घरचं मटण, बुधवारी कुणाच्या घरची मासळीची मुंडकी. चार घरं फिरून तो आमच्याकडे हजेरीपुरता यायचा आणि वर कोरड्या खाद्याची वाटी फस्त करायचा. त्या खाद्याचे दाणे बांधायला पीठ लागतं, म्हणजे कर्बोदकं आली, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. लठ्ठ, नसबंदी झालेला, घरात लोळणारा, उतारवयाकडे झुकलेला बोका. मांजरांच्या मधुमेहाला ह्याहून सोयीचं गिऱ्हाईक सापडायचं नाही.

पुढे तो दुप्पट खायला लागला आणि तरी सातचा पाच किलो झाला. आक्का म्हणाल्या, ‘‘व्यायाम करतोय काय की!’’ मग मागचे पाय बदलले. मांजर चालतं बोटांवर. हा मागच्या पायांच्या टाचा जमिनीला टेकवून सशासारखा चालायला लागला. साखरेनं पायाच्या नसा दुखावतात त्याचं हे लक्षण, असं डॉक्टरांनी नंतर सांगितलं.

दवाखान्यात साखर भरली ३९०. मी रडायच्या बेतात, पण डॉक्टर शांत. पिशवीत कोंबून, बिंदू चौकातले हॉर्न ऐकवत स्कूटरवरून आणलेल्या मांजराची साखर नुसत्या भीतीनंही चढते म्हणे, म्हणून एका आकड्यावर ते विसंबत नाहीत. त्यांनी लघवी तपासली आणि फ्रुक्टोसामाइन नावाची चाचणी करायला रक्त पाठवलं. तिच्यात मागच्या दोनतीन आठवड्यांचा हिशेब निघतो. हिशेब निघाला, आणि सकाळ-संध्याकाळ इन्शुलिन सुरू झालं. सातला आणि सातला, एकेक युनिट.

घरी साखर तपासायची तर मशीन हवं. ते घरात होतं. मामंजींना दहा वर्षं मधुमेह आहे आणि त्यांचं मशीन दोन वर्षं कपाटात कव्हरासकट बसून होतं. माणसाचं मशीन मांजराच्या रक्ताला थोडं कमी आकडा दाखवतं, पण रोज तेच वापरा म्हणजे चढउतार कळेल, असं डॉक्टर म्हणाले. मामंजींची सगळी नोकरी साखर कारखान्यात, वजनकाट्यावर गेली. पहिल्याच सकाळी त्यांनी जुनी वही काढली, रकाने आखले आणि खुर्चीतूनच हाक दिली, ‘‘आज उतारा किती?’’

उसातून किती साखर निघते तो उतारा, आणि त्यात आमचा जिल्हा राज्यात वरच्या रांगेत असतो. इथे उतारा जितका कमी तितकं बरं, एवढा बदल पचवायला त्यांना आठवडा लागला. ‘२७५’ म्हटलं की त्यांचा चेहरा आधी खुलायचा, मग आठवायचं. स्वतःचं बोट मात्र त्यांनी अजून पुढे केलेलं नाही.

रक्त कानातून काढतात. कानाच्या कडेनं एक बारीक शीर जाते, उजेडासमोर धरली की दिसते. कान आधी कोमट फडक्यानं शेकायचा, मागे कापसाचा बोळा धरायचा आणि नेमकं कडेवर टोचायचं. मोहरीएवढा थेंब येतो. तेवढ्यात ह्यानं कान फडफडवला की तो थेंब माझ्या चष्म्यावर! पहिल्या आठवड्यात भिंतीवरही ठिपके होते. आता मी ‘चल रे’ म्हटलं की तो स्वतःच पाटावर येऊन बसतो, कारण टोचल्यावर उकडलेल्या चिकनचा तुकडा मिळतो. सुई त्यामानानं सोपी. पाठीवरची कातडी चिमटीत उचलली की तंबू होतो, त्या तंबूच्या आत टोचायची. एकदा सुई तंबूच्या पलीकडून बाहेर आली. हाताला केस ओले लागले आणि दवाखान्यासारखा औषधी वास आला, तेव्हा कळलं. अशा वेळी किती आत गेलं ते सांगता येत नाही, म्हणून दुसऱ्यांदा टोचायचं नाही. पुढच्या सातची वाट बघायची. तो दिवस संपता संपेना.

पण हे सगळं परवडलं. खरी कुस्ती गल्लीशी होती. कोल्हापुरात दारात आलेल्याला न खाऊ घालणं हा अपमान असतो, आणि पैलवान चार दारांत जात होता. मी घरोघरी जाऊन सांगितलं. सगळ्यांनी माना हलवल्या आणि मग ‘एवढ्यानं काय होतंय’ म्हणून एवढंसं दिलंच. रश्श्यातला कांदा-लसूण तर निरोगी मांजरालाही विषच, हेही सांगून झालं. आक्कांचं म्हणणं वेगळं. ‘‘मी काय जास्त दिलो नाही गं. बोटभर साय. पैलवान आहे, खुराक तोडून कसं चालंल?’’ रात्री उतारा ३१०. मामंजींनी वहीत तांबड्या शाईनं लिहिलं : साय.

मग सिरिंजची गोष्ट झाली. आमचं इन्शुलिन एका मिलिलिटरला १०० युनिटचं आणि त्याची सिरिंज नारिंगी टोपणाची. पण आपल्याकडे ४० युनिटचं इन्शुलिनही सर्रास विकलं जातं, त्याची सिरिंज लाल टोपणाची. एका दुकानातून नवं पाकीट आणलं, टोपण लाल दिसलं आणि मी म्हटलं, कंपनी बदलली असेल. त्या सिरिंजवरच्या एका युनिटच्या रेघेपर्यंत आमचं औषध भरलं तर ते अडीच युनिट होतं. हा भागाकार मला रात्री साडेदहाला कळला, जेव्हा पैलवान पाणी प्यायला उठला आणि दाराच्या चौकटीला धडकला. उतारा ४१, म्हणजे धोक्याइतका कमी.

फोनवर डॉक्टर म्हणाले, मध किंवा साखरेचं पाणी हिरड्यांना चोळा, घशात ओतू नका, आणि लगेच घेऊन या. मध संपला होता. फडताळात पन्हाळ्याच्या वाटेवरच्या गुऱ्हाळातली काकवी होती. मी बोटानं त्याच्या हिरड्यांना काकवी चोळत होते आणि मामंजी बॅटरी धरून उभे होते. मांजराला गोड चव कळत नाही. ती ओळखणारं एक जनुकच त्याच्यात मोडकं असतं, हे २००५ साली सिद्ध झालंय. म्हणजे ज्या काकवीसाठी आमच्याकडे भाकरीवर भाकरी संपते, ती ह्याच्या जिभेला नुसती चिकट. त्यानं तोंड वेंगाडलं, माझ्या बोटाला दात लावला, आणि तो दात लागला म्हणून मला हायसं वाटलं. डॉक्टरांनी बारा वाजता दवाखाना उघडला. पहाटे तीनला १३०.

ह्या गोष्टीला पाच महिने झाले. पिठाचं खाद्य बंद, आता ओल्या खाद्याची पाकिटं. मागच्या टाचा उचलल्यात. इन्शुलिन अर्ध्या युनिटवर आलंय. काही मांजरांचं स्वादुपिंड सावरतं आणि सुई सुटते, पण साखर परत चढूही शकते, म्हणून कान टोचणं सोडायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलंय. मामंजी रोज विचारतात, ‘‘औंदा पट्टा पडणार काय?’’ कारखान्याचा हंगाम संपला की पट्टा पडतो.

परवा रविवारी आक्का वाटी घेऊन आल्या. मी दारातच हात आडवा केला. त्यांनी वाटीवरची ताटली उचलून दाखवली. आत पांढरंफटक उकडलेलं चिकन.

‘‘कांदा नाही, लसूण नाही, मीठ बी घातलो नाही,’’ त्या म्हणाल्या. ‘‘आता तूच सांग, ह्याला काय चव असणार गं?’’

पैलवान तोवर त्यांच्या पायात घोटाळत होता. वाटी खाली ठेवायच्या आधी त्यांनी आत डोकावून मामंजींना विचारलं, ‘‘आज किती म्हणायचा उतारा?’’