आमची वाटचाल : बंब, बॉयलर आणि बोट

मी मूळचा कोल्हापूरचा, आयटीआय फिटर. लहानपणी पहाटे उठून बंब पेटवायचं काम माझ्याकडं असायचं. तांब्याचा बंब, मधे जाळाची नळी, भोवती पाणी, आणि खालची राख आदल्या दिवशी काढलेली नसली की शेणी काही केल्या पेटायच्या नाहीत, नुसता धूर. आई म्हणायची, बंबाला आधी राख काढून दे, मग पाणी माग. आज इंग्लंडात बर्मिंगहॅममध्ये आमची हीटिंग सर्व्हिसची, म्हणजे घरं गरम ठेवणारे बॉयलर सांभाळायची छोटी फर्म आहे आणि खरं सांगायचं तर अजून तेच करतोय, राख काढतोय.

२००८ साली बायकोला इथं हॉस्पिटलात नर्सची नोकरी लागली म्हणून आलो. माझ्या आयटीआयच्या सर्टिफिकेटवर इथं गॅसला हात लावता येत नाही, नव्याने शिकावं लागलं, परीक्षा द्याव्या लागल्या, आणि त्याच सुमारास म्हणजे एप्रिल २००९ मध्ये गॅसचं काम करायची परवानगी असलेल्यांची यादी बदलली, जुनं कॉर्गी रजिस्टर जाऊन गॅस सेफ रजिस्टर आलं, त्यामुळं माझं पहिलं कार्ड गॅस सेफचंच. दुसऱ्याच्या हाताखाली काम करत होतो तेव्हा डिसेंबर २०१० ची थंडी आली. १९१० पासूनच्या नोंदीत इतका थंड डिसेंबर या देशात झालेला नव्हता. फोन थांबेनात. २००५ पासून इथं नवा बॉयलर कंडेन्सिंगच, म्हणजे धुरातल्या वाफेचं पाणी करून तिची उष्णता वापरणारा लागतो, त्यातून जे पाणी निघतं त्याचा पातळ प्लॅस्टिकचा पाइप भिंतीबाहेर असतो, तो गोठला की बॉयलर बंद. बॉयलर चांगला, फक्त पाइपात बर्फ. किटलीतलं पाणी जरा निवू द्यायचं, उकळतं नाही हं, कोमट, पाइपावर ओतायचं, रीसेट दाबायचं, झालं. एवढ्यासाठी म्हातारी माणसं दोन दोन दिवस ओव्हरकोट घालून बसलेली बघितली. तेव्हाच ठरवलं की स्वतःचं सुरू केलं तर नवे बॉयलर विकण्यापेक्षा आहेत ते नीट ठेवायचं काम करायचं.

२०१३ मध्ये सुरू केलं. मी, एक सेकंडहँड व्हॅन, आणि ड्युटीवरून आल्यावर हिशेब लिहिणारी बायको.

इथलं पाणी मऊ आहे. वेल्समधल्या एलान खोऱ्यातून १९०४ पासून शहराला पाणी येतं, ११७ किलोमीटर, पंपाशिवाय नुसतं उतारानं. त्यामुळं लंडनसारखा चुन्याचा थर इथल्या बॉयलरला फारसा धरत नाही, इथले बॉयलर मरतात ते काळ्या गाळानं. रेडिएटर लोखंडाचे, पाण्यात ऑक्सिजन शिरला की लोखंड झिजून काळी पूड होते, मॅग्नेटाइट, ती खाली बसते. रेडिएटर वर गरम आणि तळाला गार लागला की समजायचं गाळ आहे. ऑक्सिजन येतो कुठून तर बऱ्याचदा आपणच घालतो! प्रेशर खाली आलं की लोक नळी उघडून ताजं पाणी भरतात, आठवड्यानं परत भरतात, आणि मूळ दोष असतो एक्स्पान्शन व्हेसलमध्ये, म्हणजे तापून फुगलेल्या पाण्याला जागा देणाऱ्या हवेच्या डब्यात, त्यातली हवा गेलेली असते. सिस्टीमचं प्रेशर शून्यावर आणून सायकलच्या पंपानं एक बारपर्यंत हवा भरली की बरेचदा काम भागतं, आतला रबरी पडदा फाटलेला असेल तर मात्र व्हेसल बदलावं लागतं. पण तेवढ्यासाठी अख्खा बॉयलर बदला असं सांगितलेली किती तरी घरं मला भेटली, त्यात एक आजी होत्या, त्यांनी तर कर्ज काढायची तयारी केली होती. आमच्या बहुतेक गिऱ्हाइकांची सुरुवात अशीच, एकानं दुसऱ्याला सांगितलं. जाहिरात आम्ही कधी केली नाही.

आता बोटीचं. फेब्रुवारी २०१८ च्या शेवटी मोठा बर्फ पडला, त्यात एका जुन्या गिऱ्हाइकाचा फोन आला, माझा भाऊ कॅनॉलवर बोटीत राहतो, त्याचं हीटिंग बंद पडलंय, बघशील का. मी बोटीत पाय कधी ठेवला नव्हता. वॉर्स्टर बर्मिंगहॅम कॅनॉलच्या काठानं बर्फातून चालत गेलो. सत्तरी ओलांडलेले गृहस्थ, एकटे, अंगावर दोन रजया. डिझेल हीटर सुरू होऊन दोन मिनिटांत बंद पडत होता. मीटर लावला तर कळलं, हीटर पेटताना आतला ग्लो पिन, म्हणजे डिझेल पेटवणारी तापती कांडी, जोरात करंट ओढतो आणि बॅटरी तेवढ्यात कोसळते. टर्मिनल हिरवे पडलेले, वायर बारीक. साफ केले, इंजिन चालू करून बॅटरी भरली, हीटर धरला. पण आंघोळीच्या पाण्याचा गॅस गीझर होता त्याच्या फ्ल्यूची, म्हणजे धूर बाहेर नेणाऱ्या नळीची अवस्था मला अजिबात आवडली नाही, आणि त्याला मी हात लावू शकत नव्हतो. माझं कार्ड घरातल्या पाइप गॅसचं, बोटीवर एलपीजी. घरचा गॅस हवेपेक्षा हलका, वर जाऊन निघून जातो, एलपीजी जड, खाली उतरतो, आणि बोट म्हणजे पाण्यात ठेवलेली पातेली, गळलेला गॅस तळाशी साठून राहतो, म्हणूनच सिलिंडरच्या कप्प्याला तळातून बाहेर निचरा ठेवतात. त्याची परीक्षा वेगळी. गीझर बंद करा, सिलिंडरचा कॉक बंद करा, बोटीचं कार्ड असलेला माणूस बोलवा, असं सांगून मी निघालो. त्या थंडीत म्हाताऱ्या माणसाचं गरम पाणी बंद करून आलो ही गोष्ट मला फार लागली.

त्याच वर्षी एलपीजी आणि बोटींची परीक्षा दिली. (कुणीही गॅसवाला आला की त्याचं कार्ड उलटं करून बघा, त्याला कुठल्या कामाची परवानगी आहे ते मागं छापलेलं असतं.) २०१९ पासून निम्मं काम कॅनॉलवर.

आणि मग आम्हीच बोटीवर राहायला गेलो, ती कल्पना बायकोची. मुलगी युनिव्हर्सिटीत गेली, घरमालकानं घर विकायला काढलं, विकत घ्यायचं म्हटलं तर आवाक्याबाहेर. ती म्हणाली, तू रोज ज्या घरांत जातोस त्यातलंच एक घेऊ. पहिली बोट बघितली तेव्हा आम्ही दोघंही भुललो, लाकडी काम इतकं सुंदर होतं. सर्व्हेसाठी क्रेननं बाहेर काढली, अल्ट्रासाउंडनं पत्र्याची जाडी मोजली, मूळ सहा मिलिमीटर, पाण्याच्या रेषेजवळ काही ठिकाणी साडेतीन. विमेवाले बहुतेक चार मागतात. अ‍ॅनोड, म्हणजे पत्र्याऐवजी झिजावेत म्हणून लावलेले धातूचे तुकडे, झिजून संपलेले आणि किनाऱ्याच्या विजेला आयसोलेटर, म्हणजे पत्रा खाणारा करंट अडवणारा डबा, न लावता वर्षानुवर्षं जोडून ठेवलेली, पत्रा आतल्या आत खाल्ला होता. सर्व्हेचे आणि क्रेनचे पैसे गेले, बायको घरी येऊन रडली, पण आजही मी सगळ्यांना सांगतो, लाकूडकाम बघून बोट घेऊ नका, तळ बघा.

दुसरी मिळाली २०२१ च्या वसंतात. ५७ फूट लांब, सहा फूट दहा इंच रुंद, कारण इथले अरुंद लॉक, म्हणजे बोट एका पातळीवरून दुसरीवर नेणारे दरवाज्यांचे हौद, सात फुटांचे. ५७ फूट असली की देशातल्या जवळजवळ सगळ्या लॉकमधून जाते. तळाचा पत्रा दहा मिलिमीटर, उत्तम. हीटिंग मात्र पूर्ण बसलेलं, म्हणून किंमत उतरली होती आणि ते काम तर घरचंच. डिझेल हीटर उघडला तर आत काजळीचा दगड झालेला. लोक तो दहा दहा मिनिटं लावतात, मंद चालवतात, तसं केलं की काजळी धरणारच, लावला की तासभर जोरात चालू द्यावा. पुढच्या खोलीत घन इंधनाची शेगडी, तिला मागून पाण्याची टाकी जोडून तीन रेडिएटर. ते बसवताना मला बंबच दिसत होता.

पहिलं वर्ष बोट बांधायला कायमची जागा न घेता काढलं. तसं राहायचं तर १९९५ च्या कायद्याप्रमाणं एका ठिकाणी १४ दिवसांपेक्षा जास्त थांबता येत नाही. मग दर दुसऱ्या रविवारी बोट पुढं न्यायची, वेग ताशी चार मैल, आणि तिथून सायकलनं मागं येऊन व्हॅन आणायची. एकदा गॅस स्ट्रीट बेसिनला, म्हणजे बर्मिंगहॅममधल्या कॅनॉलच्या धक्क्याला, दोन रात्री थांबलो, त्या रस्त्याचं नावच गॅसच्या दिव्यांवरून पडलंय, तिथं व्हॅनमधले पाने काढताना फार बरं वाटलं. पण अवजारं, पार्ट, पत्ता, बायकोच्या रात्रपाळ्या, हे सगळं फिरतं ठेवणं धंद्याला जमेना, म्हणून आता राहायची परवानगी असलेली जागा भाड्यानं घेतलीय.

स्वतः राहायला लागल्यावर गिऱ्हाइकांचं ऐकणं बदललं. थंडी वाजते म्हणून माणूस व्हेंट, म्हणजे हवा यायची भोकं, कापडानं का बंद करतो ते जानेवारीत पहाटे चारला कळतं. तरी मी तो बोळा काढायलाच लावतो, आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म बटण दाबून वाजवून बघितल्याशिवाय बोटीतून उतरत नाही. गेल्या दिवाळीला आई आली होती. पहिल्या आंघोळीला शेगडीवर तापलेलं पाणी दिलं, तिनं शेगडीचा राखेचा कप्पा ओढून बघितला, रिकामा होता, काही बोलली नाही, उटणं मागितलं.

आता आम्ही तिघं आहोत, एक मुलगा शिकाऊ ठेवलाय. ज्यांना सर्व्हिस करायची आहे त्यांनी डिसेंबरची वाट बघू नये, सप्टेंबरात फोन करा, तेव्हा पार्टही मिळतात आणि आमच्याकडं वेळही असतो. सप्टेंबरातलं पहिलं बुकिंग तेवढं कुणाला मिळणार नाही. ते वॉर्स्टर कॅनॉलवरच्या त्या गृहस्थांचं आहे, हीटर, शेगडी आणि गीझरसुद्धा.