बरणीचे बूड आणि नऊ करड्या पट्ट्या

कला महाविद्यालयाच्या पायाभूत वर्षाला, म्हणजे आमच्या बोलीतल्या ‘फाउंडेशन’ला, प्रवेश घेतला तेव्हा इंटरमिजिएट ड्रॉइंग परीक्षेतील ‘ए’ ग्रेड माझ्या गाठीशी होती आणि आपल्याला वस्तुचित्र येते, याविषयी मला तिळमात्र शंका नव्हती. पहिल्याच आठवड्यात सरांनी पांढऱ्या कापडावर चिनी मातीची एक पांढरी बरणी ठेवली आणि आम्ही ‘डाँकी’वर, म्हणजे बोर्ड टेकवून बसायच्या लाकडी घोड्यावर, मांडी टाकून बसलो. माझे चित्र तासाभरात पूर्ण झाले. सरांनी एवढेच विचारले, “तोंड लंबगोल दिसतंय ना, मग बूड सरळ रेषेत कसं?”

बरणी टेबलावर सपाट बसते हे मला ठाऊक होते, म्हणून मी सरळ रेघ मारली होती. प्रत्यक्षात वर्तुळ नजरेच्या पातळीपासून जितके खाली जाते तितके ते अधिक उघडते, त्यामुळे बुडाची कड तोंडाच्या कडेपेक्षाही जास्त गोलावलेली असायला हवी होती. ठाऊक असलेले बाजूला सारून दिसते ते काढणे, याचसाठी ते वर्ष असते असे माझे मत आहे. हाताची सफाई मागाहूनही येते. हात ताठ धरून, एक डोळा मिटून पेन्सिलीवर प्रमाण मोजताना कोपर किंचित जरी वाकले तरी सगळी मापे फसतात, हेही तेव्हाच कळले.

पोस्टर कलरमध्ये पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत नऊ पायऱ्यांची पट्टी रंगवायला दिली, तेव्हा मी दर पायरीला काळ्याचा एकेक समान थेंब वाढवत गेले. तिसऱ्या पायरीपर्यंतच रंग निम्म्याहून गडद झाला आणि पुढच्या पायऱ्या एकमेकींत मिसळून गेल्या. पायऱ्या डोळ्याला समान दिसायच्या तर काळा रंग आधी कणाकणाने आणि पुढे भराभर वाढवावा लागतो. (काळ्यात पांढरा मिसळत बसू नये, बाटली संपते आणि खिसाही.) पट्टी जमली तेव्हा आणखी एक गंमत दिसली: प्रत्येक चौकोन सपाट रंगवलेला असूनही फिकट शेजाऱ्याला लागून असलेली त्याची कड जास्त गडद भासत होती.

असे शिक्षण 1919 साली जर्मनीतील वायमार येथे सुरू झालेल्या बाउहाउस या कला आणि डिझाइनच्या शाळेत योहानेस इटेन यांनी पद्धतशीरपणे मांडले. कागदाला फक्त घड्या घालून, तुकडा वाया न घालवता रचना उभी करण्याचे पाठ तिथे पुढे योसेफ आल्बर्स देत. आमच्या त्रिमितीय संकल्पाच्या, म्हणजे थ्री-डी डिझाइनच्या, तासालाही डिंक वर्ज्य होता. माझा पहिला मनोरा वर्गातला पंखा लावताच आडवा झाला, आणि दुसऱ्या मनोऱ्यात मी घड्यांची संख्या दुप्पट केली.