तुम्ही विचारलंत म्हणून: पाइनचा शंकू कुंडीत का उगवत नाही?

मसुरी, कसौली, राणीखेतहून परतताना बॅगेत पाइनचा एखादा शंकू येतोच. तो कुंडीत पुरला जातो, महिनोन्महिने पाणी मिळतं, आणि मग विचारणा होते: "उगवत का नाही?" कारण जमिनीवर पडलेला तो शंकू बहुधा रिकामा असतो. बी केव्हाच उडून गेलेलं असतं.

तिकडचा नेहमीचा पाइन म्हणजे चीड, तीन-तीन लांब सुयांच्या जुडग्यांचा. एकाच झाडावर नर आणि मादी दोन्ही शंकू धरतात. नर शंकू लहान, मऊ, घोसांनी येणारे. वसंतात पिवळे पराग सोडले की गळून जातात. परागकणाला हवेच्या दोन पिशव्या असतात, त्यामुळे तो वाऱ्यावर तरंगत जातो. मादी शंकू तेव्हा जेमतेम नखाएवढा. त्याच्या खवल्यावर दोन-दोन बीजांडं उघडीच बसलेली असतात, भोवती अंडाशय नाही. शाळेत शिकलेलं 'अनावृत्तबीजी' ते हेच. बीजांडाच्या तोंडाशी चिकट थेंब येतो, त्यात पराग अडकतो आणि थेंब आटताना आत ओढला जातो. मग खवले घट्ट मिटतात.

इथेच बहुतेकांची गल्लत होते. परागण झालं म्हणजे फलन झालं असं नाही. परागनलिका इतकी सावकाश वाढते की फलनाला साधारण वर्ष लागतं, आणि बी भरायला त्यापुढेही बरेच महिने. म्हणून एकाच झाडावर यंदाचे नखाएवढे, गेल्या वर्षीचे हिरवे आणि त्याआधीचे तपकिरी शंकू एकाच वेळी दिसतात. झाडाखाली उभं राहून हे नक्की बघा, फार सुंदर दिसतं. पिकलेला शंकू एप्रिल ते जूनच्या कोरड्या उन्हात उघडतो, पंखवालं बी भिरभिरत खाली येतं आणि पावसात रुजतं.

खवल्याचा बाहेरचा थर ओलाव्याने आतल्यापेक्षा जास्त फुगतो, त्यामुळे भिजलेला शंकू मिटतो. पाण्यात टाकून पाहा. काही तासांत मिटेल, उन्हात ठेवला की परत उघडेल. म्हणजे शंकूत बी असतं तरी रोज पाणी घातलेल्या कुंडीत तो मिटूनच राहिला असता.

देवदाराचा अख्खा शंकू मात्र जमिनीवर सहसा मिळत नाही, तो झाडावरच खवला-खवला होऊन सुटतो. आणि कोकणच्या किनाऱ्यावरचं सुरूचं झाड पाइन नव्हे. ती सपुष्प वनस्पती, तिचे काटेरी 'शंकू' म्हणून दिसतात ती फळंच.

चीड लावायचाच असेल तर पिकलेला पण न उघडलेला शंकू मिळवा. प्लास्टिकच्या पिशवीत कोंडू नका, बुरशी धरते. कागदावर उन्हात वाळवा, उघडला की झटका. बी दिवसभर पाण्यात ठेवा. तरंगत राहिलेलं बहुधा पोकळ, टाकून द्या. अर्धी वाळू मिसळलेल्या मातीत सेंटिमीटरभर खोल पेरा. पाणी साचलं तर कोवळी रोपं बुंध्याशी कुजून कोलमडतात. बहुतेक रोपं जातात ती अशीच. जुन्या पाइनखालची मूठभर माती मिळाली तर जरूर मिसळा, कारण या मुळांना सोबतीची बुरशी लागते आणि ती नसली की रोप पिवळं पडून खुरटतं. शिवाय पूर्ण ऊन हवं. खिडकीच्या आडोशाला चीड तग धरत नाही.